कॅथलिक आईचा दिवस: वेळापत्रक फ्रिजवरच राहतं, तुम्ही कसं जमवता?

घणसोलीकरीण | ८ फेब्रुवारी, रात्री ११.२०

जय येशू मंडळी, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

विषय घरचाच आहे, पण घरात कोणाशी बोलू? नवरा म्हणतो, "तू उगाच टेन्शन घेतेस." सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का पाच पोरं वाढवली!" म्हणून इथे धागा काढतेय.

मी घणसोलीत राहते, ऑफिस ऐरोलीला. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा. माहेर श्रीरामपूरकडचं, सासर ठाण्याचं, ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक). माहेरी दिवेलागणीला आजी जपमाळ काढायची की सगळे गुपचूप गुडघ्यावर. लाइट गेले असले तर उलट बरंच, अंधारात कोणाचं लक्ष इकडेतिकडे जायचं नाही. तसंच काहीतरी माझ्या घरात असावं असं वाटत होतं.

म्हणून जानेवारीत एक्सेलमध्ये वेळापत्रक बनवलं. ५ ला उठणे, ५.१५ ते ५.४५ बायबल, ६ ला देवदूताची प्रार्थना (सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ ला म्हणतात ती), मग डबे, शाळा, ऑफिस, रात्री ९ ला सहकुटुंब रोझरी, म्हणजे जपमाळ. रंगीत प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. पहिल्या आठवड्यात चार दिवस पाळलं. दुसऱ्यात धाकट्याला ताप आला. तिसऱ्यात सोसायटीच्या पाण्याची वेळ बदलून पहाटे साडेपाच झाली, म्हणजे बायबलच्या वेळेला मी बादल्या भरतेय. आता त्या कागदाच्या मागच्या बाजूला धाकट्याने जिराफ काढलाय आणि कागद उलटा लावलाय.

काल रात्री रोझरी म्हणता म्हणता तिसऱ्या रहस्याला (रोझरीत पाच असतात, येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग) मला झोप लागली. लेकीने हलवून विचारलं, "मम्मी, तू देवाशी बोलतेयस की झोपलीयेस?" हसले, पण नंतर डोळ्यांत पाणी आलं.

आणि आज मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) धाकटा इतका रडला की मी पूर्ण वेळ बाहेर व्हरांड्यात चपलांपाशी. प्रवचनातला एक शब्द कानावर पडला नाही. मिस्सा झाली म्हणायची की बुडाली?

१८ तारखेला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. यंदा ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात ३१ मार्च येतोय, आणि आमचं काम हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं. पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसतंय. तुम्ही कसं करता, खरं खरं सांगा. आदर्श नको.

---

कोपरीची_नर्स | ८ फेब्रुवारी, रात्री ११.५२

ताई, नाइटवर आहे, थोडक्यात लिहिते. आमच्याकडे तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदल. घड्याळावर प्रार्थना बांधली असती तर मी केव्हाच नास्तिक झाले असते. मी ती युनिफॉर्मवर बांधली. घालताना एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', उतरवताना दिवसभरात (किंवा रात्रभरात) जे पेशंट हाताखालून गेले त्यांची आठवण. बास.

रविवारी ड्युटी असली की शनिवारी संध्याकाळची मिस्सा. ती रविवारचीच धरतात, त्यात पळवाट वगैरे काही नाही.

---

ठाणे_ते_कोपरखैरणे | ९ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

माझी रोझरी ट्रान्स हार्बर लोकलमध्ये होते. हसू नका, हिशोब ऐका.

ठाण्याहून चढते. ठाणे ते दिघा गाव पहिलं रहस्य. दिघा ते ऐरोली दुसरं. ऐरोली ते रबाळे तिसरं, रबाळे ते घणसोली चौथं, घणसोली ते कोपरखैरणे पाचवं. पाच टप्पे, पाच रहस्ये. एक 'आमच्या पित्या', दहा 'नमो मरिया' आणि 'पित्याला गौरव' मनातल्या मनात तीन मिनिटांत होतं, तेवढ्यात पुढचं स्टेशन येतंच. दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. त्याआधी चारच टप्पे होते आणि पाचवं रहस्य कोपरखैरण्याचा जिना उतरताना उरकावं लागायचं. लोक म्हणाले नवीन स्टेशनमुळे गाडीला उशीर होतो, मी मनात म्हटलं माझी तर सोय झाली.

हातात माळ धरायला जागा नसते. बोटात घालायची दहा मण्यांची अंगठी मिळते ती वापरते. सोमवारी-शनिवारी आनंदाची पाच रहस्ये, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पाच पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातली, त्यामुळे माझ्या आईला गुरुवारी अजून अडखळायला होतं.

आता घणसोलीकरीण ताईंना घणसोली ते ऐरोली दोनच टप्पे मिळतात. जाताना दोन, येताना दोन, राहिलं एक. ते मुलांसोबत. तीन वर्षांच्या पोराकडून पाचही रहस्यांची अपेक्षा करणं म्हणजे त्याला बसवून दहावीचा पेपर देण्यासारखं आहे.

---

नियम_म्हणजे_नियम | ९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. लोकलमध्ये, युनिफॉर्म घालताना, हे सगळं ठीक आहे, पण देवासाठी म्हणून वेगळा वेळ काढला नाही तर मुलं काय शिकणार? की देव हा उरलेल्या वेळेत उरकायचा विषय आहे? आमच्या घरी रात्री ८ ला टीव्ही बंद, सगळे अल्तारासमोर (घरच्या देव्हाऱ्यासमोर). कोणी पाहुणा आला तरी. तीस वर्षं मोडलेलं नाही.

---

कोपरीची_नर्स | ९ फेब्रुवारी, दुपारी २.१०

दादा, ८ ला अल्तारासमोर बसण्याआधी ७ ते ८ स्वयंपाक कोण करायचं तुमच्याकडे? आणि ८.३० नंतर भांडी?

---

नियम_म्हणजे_नियम | ९ फेब्रुवारी, दुपारी २.४०

मिसेस. पण तिची कधी तक्रार नव्हती.

---

शुक्रवारचे_बोंबील | ९ फेब्रुवारी, दुपारी २.४४

😀 विचारलंत कधी?

---

संपादक मंडळ | ९ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

धाग्याच्या विषयाला धरून लिहावे. वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत.

---

तलावपाळी_काकू | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.५०

घणसोलीकरीण, मी निवृत्त शिक्षिका. चार पोरं वाढवली आणि नोकरीही केली, म्हणून लिहायचा थोडा हक्क आहे असं धरून चालते.

आधी तुझ्या व्हरांड्याचं. कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो अधिकृत ग्रंथ आहे त्यात २१८१ व्या परिच्छेदात रविवारच्या मिस्सेतून सूट कोणाला ते लिहिलंय, आणि उदाहरणं दोनच दिलीयत: आजारपण आणि तान्ह्या मुलांची काळजी. तुझा आता तीनचा आहे, अगदी तान्हा नाही, पण मतलब कळला ना? जिथे न येण्याचीसुद्धा मुभा विचारात घेतलीय तिथे येऊन व्हरांड्यात उभी राहिलेली आई हिशोबात कमी पडत नाही. तू आणि नवरा आळीपाळीने आत-बाहेर करा. प्रवचनापर्यंत तू आत, नंतर तो. परमप्रसादाच्या (मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या) वेळी मात्र दोघं एकत्र. आम्ही तसंच करायचो. आमचे हे बाहेर जायला इतके उत्सुक असायचे की मला संशय यायचा.

दुसरं, हे 'नियम' प्रकरण. नियम या शब्दाचा मूळ धनी म्हणजे संत बेनेडिक्ट. सहाव्या शतकात त्याने मठासाठी नियम लिहिला, ७३ छोटे अध्याय. नियम_म्हणजे_नियम यांना आवडेल असा ४३ वा अध्याय त्यात आहे: घंटा वाजली की हातातलं काम तिथेच टाकून प्रार्थनेला या. पण त्याच्या आधी ३७ वा आहे, तो फक्त म्हाताऱ्यांवर आणि मुलांवर. त्यांना जेवणाच्या वेळांचा कडकपणा लावू नका, त्यांचा अशक्तपणा लक्षात घ्या, त्यांना आधी खायला द्या. म्हणजे ज्याने घंटा लावली त्यानेच भुकेल्या पोराला घंटेतून सोडलं. तुझ्या एक्सेलमध्ये ४३ वा अध्याय होता, ३७ वा राहिला.

आणि झोप लागली म्हणून रडलीस. बाई, मला तर चर्चमधल्या पवित्र तासाला (तासभराच्या प्रार्थनेला) गुडघ्यावर असताना झोप लागलेली आहे, आणि पुढच्या बाकावर डोकं आपटून आवाजही आलेला आहे.

एक करून बघ. प्रार्थनेला वेळ लावू नकोस, घरातलं एखादं काम लाव जे काही झालं तरी होतंच. माझ्यासाठी ते कणीक मळणं होतं. ताप असो, पाहुणे असोत, पाणी नसो, पोळ्या होणारच. कणीक तिंबताना हात अडकलेले, फोन उचलता येत नाही, पोरांना जवळ घेता येत नाही. मग पोरंच परातीशी येऊन बसायची आणि मी त्यांना कणकेचा गोळा देऊन बायबलमधली एक गोष्ट सांगायची. मार्थाची, काना गावच्या लग्नाची, हरवलेल्या मेंढराची. धाकटा त्या कणकेचं मेंढरू करायचा, काळंकुट्ट व्हायचं हाताने.

गोष्टी संपल्या की आपल्या ठाण्याची गोष्ट. इथल्या कॅथलिक मुलांनाही माहीत नसतं की १३२१ साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघाचे) हुतात्मे झाले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिबिलिसीचे दिमेत्रिउस. पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी! संध्याकाळी तलावपाळीला, तळ्याकाठी, चक्कर मारताना हे सांगितलं की पोरं पाण्याकडे वेगळ्याच नजरेने बघायची.

---

चरईकर | ९ फेब्रुवारी, रात्री ९.००

मी ख्रिश्चन नाही, पण धागा वाचतोय. आमच्या आईचं सोवळं-ओवळं, चातुर्मास, आणि तिची होणारी ओढाताण आठवली. काकूंचं कणकेचं वाचून तर घरच आठवलं, ती पोळ्या लाटताना रामरक्षा म्हणायची.

एक शंका. तुमचा उपवासकाळ ४० दिवसांचा म्हणतात, पण कॅलेंडरवर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर ४६ भरतात. आणि आमच्या श्रावणासारखं सगळे दिवस शाकाहारी असतं का?

---

शुक्रवारचे_बोंबील | ९ फेब्रुवारी, रात्री ९.४०

चरईकर, मोजणी बरोबर आहे. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. ४६ वजा ६.

उपवास फक्त दोन दिवस सक्तीचा, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वय १८ पूर्ण ते ५९ पूर्ण. एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. मांस वर्ज्य करायचा नियम १४ वर्षांपासून, ते या दोन दिवशी आणि शुक्रवारी. मासे चालतात. आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी यांना उपवासाची जबरदस्ती नाही. आमची धाकटी झाली तेव्हा बायकोने तरी हट्टाने धरला आणि दुपारी चक्कर येऊन पडली. फादरांनी मलाच झापलं, "तू काय बघत होतास?"

आता मूळ मुद्दा. आमच्या घरी स्वयंपाक मी करतो (बायकोची नोकरी लांबची) आणि सांगतो, कॅथलिक घराचं अर्धं नियोजन स्वयंपाकघरात होतं. शुक्रवार मासळीचा असतो. पण १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद, तेव्हा ताजं महाग नाहीतर बर्फातलं. म्हणून मे महिन्यातच सुके बोंबील, सुकट, वाकट्या भरून ठेवतो. त्याच महिन्यात बॉटल मसाला. गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या, भाजून कुटायच्या, बाटल्यांत ठासून भरायच्या. हे एकदा झालं की वर्षभर "आज काय करू" हा प्रश्न निम्मा सुटतो. २४ जूनला संत जॉन बाप्तिस्ताचा सण, आमच्या ठाण्याच्या चर्चचा पालक संत. तो शाळा उघडून आठ-दहा दिवस होतात तोच येतो, त्यामुळे वह्या-पुस्तकांची कव्हरं त्याच्या आत संपवायची हा आमच्या घरचा अलिखित कायदा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे सुगीचा सण. नाताळचे कुलकुल (गोड तळलेला फराळ) डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सगळी चुलत-मावस पोरं काटे-चमचे घेऊन बसतात, आकार बिघडतात, कोणी काही बोलत नाही.

दिवस हाताबाहेर जातो, मान्य. पण वर्ष हातात ठेवता येतं. ताई, आधी वर्ष लावा.

---

ठाणे_ते_कोपरखैरणे | १० फेब्रुवारी, सकाळी ९.५८

बोंबील दादा, सुकटीची चटणी कशी करता ते लिहाच.

नियम दादांचं एक म्हणणं मला पटतं हं. ट्रेनमधली रोझरी माझी झाली, पण माझ्या मुलाने मला प्रार्थना करताना पाहिलेलंच नव्हतं. एकदा विचारतो, "मम्मी तू रोझरी करतच नाहीस ना?" तेव्हापासून रात्री झोपताना एक दशक (एका रहस्याचे दहा मणी) त्याच्यासमोर, मोठ्याने. एकच.

---

नियम_म्हणजे_नियम | १० फेब्रुवारी, दुपारी १२.०५

धन्यवाद. आणि काल रात्री मिसेसला विचारलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. आजपासून भांडी माझ्याकडे.

---

कोपरीची_नर्स | १० फेब्रुवारी, दुपारी १२.३०

🙏🙏

बारा वाजून गेले, देवदूताची प्रार्थना राहिली ना दादा? 😄

---

तलावपाळी_काकू | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

भांड्यांवरून आठवलं. संत तेरेझाचे, म्हणजे लहान फुलाचे, आईवडील. झेली आणि लुई मार्टिन. २०१५ साली पोप फ्रान्सिसने दोघांना एकत्र संत जाहीर केलं, नवरा-बायकोला एकत्र संतपद मिळाल्याची ती पहिलीच वेळ. झेलीचा फ्रान्समध्ये लेस विणून घेण्याचा धंदा होता, हाताखाली कामकरणी होत्या. नऊ बाळंतपणं, त्यातली चार लेकरं गेली. लुई घड्याळजी. बायकोचा धंदा वाढला तेव्हा त्याने स्वतःचं घड्याळाचं दुकान भाच्याला विकलं आणि तिच्या लेसची गिऱ्हाइकं, हिशोब, प्रवास हे सगळं बघायला लागला. हे प्रवचनात कमी ऐकायला मिळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

घणसोलीकरीण, तू गप्प का?

---

घणसोलीकरीण | १९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

गप्प नव्हते, वाचत होते. रिलीज चालू होती ऑफिसात. आता सविस्तर.

काकूंचं ऐकून पोळ्यांवर बांधलं. पण आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात, मग मी काय मळू? शेवटी कुकर निवडला. कुकर मी लावते, रोज, सात-सव्वासातला. शिट्टी होईपर्यंत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', आणि मग प्रत्येक शिट्टीला एकेक माणूस. पहिली शिट्टी लेक बोलते, दुसरी धाकटा, तिसरी मी. आपापला माणूस सांगायचा, त्याच्यासाठी एक 'नमो मरिया'. धाकट्याने पहिल्या दिवशी जिराफ सांगितला. दुसऱ्या दिवशीही जिराफ. चौथ्या दिवशी वॉचमन काका. डाळीला चार शिट्ट्या लागतात, तेव्हा चौथीला भांडण होतं कोणाची पाळी म्हणून. नवरा उशिरा येतो, तो आला की विचारतो, "आज कोण कोण होतं?" ट्रेनमधले दोन जाताना, दोन येताना चालू केलेत. अंगठी वाशीच्या चर्चबाहेरच्या स्टॉलवर मिळाली.

काल राखेचा बुधवार. सकाळच्या मिस्सेला गेले तर ऑफिसला उशीर, संध्याकाळी गेले तर मुलांचं काय, हे दरवर्षीचं. यंदा पहाटेच्या मिस्सेला मी एकटी गेले आणि नवरा संध्याकाळी मुलांना घेऊन. एकत्र जायचं खूळ सोडलं. पण गंमत काय झाली, गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या, जाळून कपाळावर लावायच्या राखेसाठी, चर्चमध्ये जमा करायच्या होत्या आणि आम्ही दरवर्षी विसरतो. क्रुसामागे खोचलेली ती सुकून कडक झालेली झावळी लेकीने रविवारी स्वतः आठवणीने काढून पिशवीत घातली. काल संध्याकाळी येऊन सांगते, "मम्मी, माझ्या कपाळावर आपल्या घरातली राख आहे."

माझ्या कपाळावरची दिवसभर ठेवली. लिफ्टमध्ये एकाने टिश्यू पुढे केला, "मॅडम, काहीतरी लागलंय." मी म्हटलं, "हो, माहितीय." तो बिचारा ओशाळला, मग मी सांगितलं काय असतं ते. त्याने विचारलं, मग आज तुमचा उपवास का? हो म्हटलं. दुपारी त्याने माझ्यासमोर बसून वडापाव खाल्ला नाही, लांब जाऊन खाल्ला.

३१ मार्चचं अजून सुटलेलं नाही. पवित्र गुरुवारी, २ एप्रिलला, संध्याकाळच्या मिस्सेला मला निघायचंच आहे. मॅनेजरला आत्ताच मेल टाकलाय, दीड महिना आधी. गेल्या वर्षी आदल्या दिवशी सांगितलं होतं तेव्हा "आधी का नाही बोललीस" असं ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि त्या मिस्सेतल्या पाय धुण्याच्या विधीला मी लॅपटॉपसमोर होते. या वेळी उत्तर आलंय: "नोटेड." बघू या.

एक्सेलचा कागद फ्रिजवर तसाच आहे, जिराफाची बाजू वर.

बोंबील दादा, ती सुकटीची चटणी राहिलीच. उद्या शुक्रवार आहे.

---

शुक्रवारचे_बोंबील | १९ फेब्रुवारी, रात्री ११.०५

घ्या. सुकट चाळून घ्या, रेती असते. डोकी-शेपट्या मोडून टाका. कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, जळू देऊ नका, वास सोसायटीभर जातो आणि मग शेजाऱ्यांचा निरोप येतो. कांदा बारीक, लसूण सात-आठ पाकळ्या ठेचून, थोड्या तेलात परतायचा. चमचाभर बॉटल मसाला, नसेल तर तुमच्या नगरकडचं काळं तिखट चालेल, उलट मला उत्सुकता आहे. चिंचेचं पाणी दोन चमचे. मग सुकट घालून दोनच मिनिटं, नाहीतर मऊ पडते. वरून ओलं खोबरं.

मीठ शेवटी, चाखून. सुकट आधीच खारट असते.